घरी म्हणायचा शब्द

लॅटिन भाषेवरून भांडण उकरून काढू शकेल असा माणूस तापीच्या दोन्ही काठांना मिळून आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांचे वडील अमळनेरकडून सुरतेला लूम चालवायला आले. मामा मात्र तिथल्याच कतारगाम भागातल्या एका मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले. झाडांची लांबलचक नावं मुलांकडून घोकून घेताना त्यांना मनातून शरम वाटायची, कारण त्या नावांचा अर्थ त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हता. म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक फाटका लॅटिन कोश आणला. भटाला दिली ओसरी, तशी गत झाली. कोशापाठोपाठ व्याकरण आलं, व्याकरणापाठोपाठ काव्य आलं, आणि मामींच्या मसाल्याच्या डब्यांना फडताळातून खाली उतरावं लागलं. मामा निवृत्त झाल्यावर तर लॅटिनला घरात आडवं यायला कुणी उरलंच नाही.

लॅटिन येणं एक वेळ परवडलं असतं, पण मामांना त्यातली शब्दांची उतरंड सापडली होती. त्यांचं म्हणणं असं, की शब्दाचा अर्थ कळला म्हणजे शब्द कळला असं नाही, तो कुठे बसतो ते कळलं पाहिजे. घोड्याला कवी आणि सेनापती म्हणणार ‘एक्वुस’, पण ओझी वाहणारा म्हणणार ‘काबाल्लुस’. एक अश्व, दुसरं तट्टू. वकिलाचं लॅटिन वेगळं, चर्चमधलं वेगळं, वैद्याचं वेगळं. झाडांचं लॅटिन तर मामांच्या मते तारेच्या मजकुरासारखं, त्यात क्रियापदाला जागाच नाही. बरं, हा न्याय रोमन लोकांपुरता ठेवावा ना? आमच्या गल्लीच्या गणपतीत कुणीतरी माइकवरून सांगितलं, “भाविकांनी मंडपामागे पाणी प्राशन करावे.” मामा आरतीतून निघून मंचावर गेले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, “तीर्थ प्राशन करतात. पाणी पितात.” एवढं बोलून ते परत येऊन टाळ्या वाजवू लागले. पुढच्या वर्षी मंडळाने वर्गणी मागायला त्यांच्या दारी जायचं धाडस केलं नाही, आणि मामांना वाटलं आपल्याला वगळलं. ते स्वतः जाऊन वर्गणी देऊन आले.

अशा माणसाला गिऱ्हाईक कसं मिळावं? पण ही सुरत आहे. इथे साडीचं नवं डिझाइन निघालं की त्याला नवं नाव लागतं, आणि डिझाइनं तर रोज निघतात. देवींची नावं संपली, नद्यांची संपली, फुलांची संपली. तेव्हा मामांच्या खालच्या मजल्यावरचा साडीवाला, हाही आमच्या खानदेशातलाच पण जन्म सुरतेतला, कॅटलॉग घेऊन वर आला.

“मास्तर, एक मस्त नाव आपो ने. सुंदर असा अर्थ निकळायला पाहिजे.”

मामांनी साडी हातात घेतली, कापड चुरगाळून पाहिलं. “रोज नेसायची की समारंभाची?”

“डेली वेअर. जॉर्जेट आहे.”

“मग ‘पुल्क्रा’ देता येणार नाही. ते भारदस्त सौंदर्य झालं. हिला ‘बेला’ म्हणा. घरात, लाडानं म्हणतात तसं.”

बेला धडाक्यात खपली. साडीवाल्याची श्रद्धा बसली. मग तो लग्नाचा शालू घेऊन आला आणि म्हणाला, आता बायको या अर्थाचा सगळ्यात भारी शब्द द्या. मामा खुलले. म्हणाले, “उक्सोर आहे, पण तो व्यवहारातला, कोर्टात चालेल असा. मुलिएर आहे, तो साधा, बाईमाणूस म्हणावं तसा. दोमिना आहे, प्रेमकवींचा, पण त्यांनी तो बहुधा दुसऱ्याच्या बायकोसाठी वापरलाय. सगळ्यात भारी म्हणजे कोन्युन्क्स. महाकाव्यात येतो, आणि थडग्यांवर.”

“थडग्यावरचं नाव शालूला?” साडीवाल्याने कॅटलॉग मिटला. “पार्टी मला मारेल, मास्तर.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. “कोर्टातला झाला, थडग्यावरला झाला. घरात काय म्हणायचं ते सांगा ना त्याला.”

मामा कोशाची पानं उलटू लागले. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. शब्दासाठी त्यांना कोश उघडावा लागलेला मी प्रथमच पाहिला.

गोष्ट जुनी होती. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हा मामींनी झोकात नाव घेतलं होतं, आणि मामांनी मात्र “हे काय बोलायचं ठिकाण आहे?” म्हणून घास खाऊन टाकला होता. तेव्हापासून आजतागायत त्यांनी मामींना ‘ऐकलंस का’ याखेरीज कशानेही हाक मारली नव्हती. मामींना आपलं नाव घेतलेलं हवं होतं, एकदा तरी, चार माणसांत. त्या हे कधी बोलत नसत. माझ्या बायकोला तेवढं ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. त्या दिवसापर्यंत मामा कोशात डोकं घालून बसले. मामी हाका मारून थकायच्या. “च्या थंडा व्हई राहिना,” असं त्या दारातून म्हणत आणि शेवटी तो चहा स्वतः पीत. मामांनी मला एकदा हजीऱ्याला माझ्या ऑफिसात फोन करून विचारलं, “सगळ्यांसमोर म्हणायचा, पण घरातला वाटेल, असा शब्द मराठीत तरी आहे का हो?” मी बायकोला विचारून सांगतो म्हणालो.

वास्तुशांतीला जेवणं झाली आणि बायकांनी जोडप्यांना अडवायला सुरुवात केली. मामांची पाळी आली तशी मामी पदराशी चाळा करत दुसरीकडे बघू लागल्या. मामा उभे राहिले. आम्हाला धास्ती होती की आता लॅटिन सुटणार. त्यांनी घसा साफ केला, एकदा छताकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे पाठ करून, मामींकडे वळून, पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, “सुमन.”

मग एक आत्याबाई म्हणाल्या, हा उखाणा नव्हे, यमक कुठाय? मामा ओशाळून खाली बसायला लागले. मामींचे डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता. “ऱ्हाऊ द्या वं. माले पाहिजे व्हतं ते भेटनं.”

मागच्या दिवाळीनंतर दोघं मुलाकडे नाशिकला गेले. कोश गेला, व्याकरण गेलं, साडीवाला पुन्हा फुलांच्या नावांवर आला. गल्लीत आता वाटेल तो वाटेल त्याचं प्राशन करतो, आणि मला ते ऐकवत नाही. मामांची फार आठवण येते.

परवा मामींचा फोन आला. तक्रार करत होत्या, “दिवसभर नाव घेतात. चष्मा सापडेना, सुमन. दार वाजलं, सुमन. काल तर काही काम नव्हतं, तरी सुमन. इतक्या वर्षांचं राहिलेलं सगळं एकदम फेडायला निघालेत.”

मी हसलो. त्याही हसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, “पुरेल ना हो तेवढा वेळ, जावईबापू?”

मी म्हणालो, पुरेल मामी. दुसरं काय म्हणणार?