एका बोटानं उघडणारं दार

माझे वडील दरबारच्या मोटारखान्यात नोकरीला होते, पण मोटार त्यांना चालवता येत नसे. त्यांचं काम दार उघडण्याचं. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, गाडी थांबली की उतरून मागचं दार उघडायचं, आतली माणसं उतरली की लावायचं. शाळेत कुणी विचारलं तर मी "मोटारीवर आहेत" एवढंच सांगत असे. मला त्या कामाची लाज वाटायची, हे आता कबूल करते.

संस्थान विलीन झालं आणि मोटारखाना मोडला. काही गाड्या नव्या सरकारच्या कचेऱ्यांना द्यायच्या ठरल्या, त्यात वडिलांची गाडीही होती. ती ज्या साहेबांकडे जायची होती, ते पाहणीला येऊन गाडीबरोबर कोणती माणसं ठेवायची ते ठरवणार होते. माधवगंजातल्या आमच्या दोन खोल्यांत महिनाभर दुसरा विषय नव्हता.

गाडी जुनी. बाहेरच्या मुठींवरचं निकेल उडून खालचं पितळ दिसत होतं, आणि मागच्या दाराची मूठ तर भारी हट्टी. आधी जराशी वर उचलायची, मग आत दाबायची, मग फिरवायची. ही खुबी फक्त वडिलांच्या हाताला ठाऊक होती. ड्रायव्हरकाकांनाही ते दार दाद देत नसे.

पाहणीच्या आधी वडील सगळ्या मुठी काढून, रुमालात बांधून घरी घेऊन आले. आई म्हणाली, "अहो, चमकवायच्या तर चमकवा, पण ती मागची आहे तशीच राहू द्या. तिच्यामुळेच तुमची जरूर आहे त्यांना."

"शेजारणीची वाटी परत करताना तू रिकामी देतेस का?" वडिलांनी विचारलं.

आई कधीच देत नसे. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. "वाटीची गोष्ट वेगळी," ती म्हणाली. "तुम्ही आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेऊन राहिलात."

त्यांनी ऐकलं नाही. मुठी रॉकेलमध्ये भिजवून जुना चिकटा खरवडून काढला. मागच्या मुठीची स्प्रिंग पार बसली होती, तिथं नवी घातली. पाटणकर बाजारातल्या कारागिराकडून निकेल चढवून आणलं. मूठ पत्र्याला घासू नये म्हणून मधे घालायला जुन्या ट्यूबचे गोल तुकडे लागले, ते मी कापले. अगदी मन लावून कापले. म्हणून पुढे कितीही राग आला, तरी सगळा दोष त्यांच्या माथी मारायची मला सोय राहिली नाही.

साहेब आले त्या दिवशी मी वडिलांचा डबा घेऊन गेले होते. वडील पगडी नीट करून मागच्या दाराशी उभे होते. साहेब जवळ आले तसा त्यांनी हात पुढे केला, पण तोवर साहेबांनी स्वतःच मूठ धरली होती. दार एका बोटानं उघडलं. साहेबांनी ते लावलं, पुन्हा उघडून पाहिलं.

"बहुत बढ़िया," ते म्हणाले. "यह तो बच्चा भी खोल ले." मग अगदी अदबीनं वडिलांना विचारलं, "आप गाड़ी चलाते हैं?"

"जी नहीं."

साहेबांनी मान हलवली आणि ड्रायव्हरकाकांचं नाव लिहून घेतलं.

आम्ही महाराज बाड्याच्या चौकातून चालत घरी आलो. मला त्यांचा इतका राग आला होता की मी चार पावलं पुढेच चालत राहिले. आई उंबऱ्याशीच होती. "काय झालं?" तिनं विचारलं.

"एका बोटानं उघडलं," वडील म्हणाले.

ते सांगताना त्यांना आनंद झाला होता. मी समोरच होते, मी पाहिलं. मग पगडी उतरवता उतरवता ते खाली बसले आणि रडायला लागले. शेजारच्यांना दिसू नये म्हणून आईनं दार लावून घेतलं.