उरलेला वायसर

दर पाडव्याला मी कपाटाच्या दाराला आतून वर्षाचे संकल्प चिकटवते. प्रोग्रॅमिंगची एक नवी भाषा शिकायची, रोज एक कोडं सोडवायचं, पहाटे पाचला उठून ते जाडजूड पुस्तक संपवायचं. आंबे उतरेपर्यंत सगळं बारगळलेलं असतं. गेल्या वर्षी यादीत सगळ्यात वर होतं, ‘टीम लीड व्हायचं’. दहा वर्षं प्रोग्रॅम लिहितेय, आता नाही तर कधी?

त्याच सुमारास टीममध्ये एक मुलगी नवीन आली. मीटिंगमध्ये, साहेबांसमोर, तिने पडद्यावर माझीच एक जुनी ओळ दाखवली. त्या ओळीपाशी प्रोग्रॅम दोन सेकंद नुसता थांबायचा. वर मी टीप लिहून ठेवली होती, ‘हात लावू नये. चालतंय.’ आमच्या चाळीतल्या पंपाच्या खोलीवर आहे तशीच.

“ताई, इथे थांबतो कशाला?”

मला खरंच माहीत नव्हतं. थांबवलं की चालायचं, म्हणून थांबवलं होतं. पण साहेब बघत होते आणि मला बढती हवी होती. “तिथे तसंच लागतं,” मी ठोकून दिलं. तिला पटलेलं नाही हे मला दिसत होतं, आणि माझा मलाच राग आला.

त्या रविवारी लालबागच्या घरी बाबा पंखा दुरुस्त करत होते. गिरणीतले जुने फिटर; शेजारपाजारचं काही बिघडलं की अजून त्यांच्याकडेच येतं. पंखा जोडून झाला, मस्त फिरायला लागला आणि वर्तमानपत्रावर एक वायसर उरला. बाबांनी पंखा पुन्हा उघडला.

“चलता मां? मगे परत कित्याक खोलतास?” आई करवादली.

“ह्यो खंयचो तां कळाक नको?”

पंख्यात त्याची जागाच नव्हती; तो अवजारांच्या डब्यातूनच आला असणार. बाबा बराच वेळ वायसर बोटांत फिरवत बसले. मग उठले आणि शेजारच्या काकींच्या दारात उभे राहिले. महिन्यापूर्वी त्यांचा मिक्सर बाबांनीच दुरुस्त केला होता.

“मिक्सर चांगलो चलता हां!” काकी म्हणाल्या.

“चलता, पण माझी चूक रवली हा तेच्यात. देवा हडे,” म्हणत बाबांनी मिक्सर मागून घेतला.

सोमवारी मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं, “त्या दिवशी मी थाप मारली. ती ओळ कशाला आहे, मला माहीत नाही.” ओळ काढली आणि प्रोग्रॅम कोसळला. त्या मुलीने आणि मी मिळून चार दिवस शोधलं. चूक माझीच निघाली: प्रोग्रॅममधली दोन कामं एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहीत होती आणि ते दोन सेकंद ती चूक झाकत होते.

टीम लीड दुसराच झाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? या पाडव्याला कपाटात एकच ओळ चिकटवली, ‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.’

गेल्या आठवड्यात ती मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. “ताई, हे चालतंय. पण का चालतंय ते मला कळत नाहीये.”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिला खुर्ची दिली.