चौथं मानांकन

गेल्या मंगळवारी गंगापूर रोडच्या एका कॉलेजात मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा ड्रॉ होता, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. इंदिरानगरहून स्कूटीवर निघाले तेव्हापासूनच माझं डोकं तापलेलं होतं... कारण तिथे काय होणार हे मला आधीच माहीत होतं.

मी शहराबाहेर, सिन्नरच्या एका कॉलेजात खेळ शिकवते. आमच्या स्पर्धेत आठ टीम असतात, त्यातल्या चार टीमना मानांकन मिळतं. या चार टीम पहिल्या फेरीत एकमेकींसमोर येत नाहीत. आणि मानांकन कुणाला, तर आदल्या वर्षी सेमीफायनलला पोचलेल्यांना.

ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण आम्हाला मानांकन नाही, म्हणून पहिलीच मॅच शहरातल्या एखाद्या तगड्या टीमशी. तिथे हरलो की सेमीफायनल हुकली, आणि सेमीफायनल हुकली म्हणून पुढच्या वर्षीही मानांकन नाही... मी सिन्नरला रुजू झाल्यापासून हेच बघतेय.

यंदा मात्र माझ्याकडे बोलायला काहीतरी होतं. यंदा चौथं मानांकन मिळालेली टीम मागच्या महिन्यात आमच्याकडे फ्रेंडली मॅच खेळायला आली होती, आणि आमच्या मुलींनी त्यांना हरवलं होतं.

मी ते सांगितलं. स्पर्धेचे समन्वयक देशमुख सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, फ्रेंडली धरता येत नाही. नियम सगळ्यांना सारखाच आहे."

"नियम सारखा आहे सर, पण सुरुवात सारखी नाही," मी म्हणाले. आवाज थोडा चढलाच माझा. खोलीत सगळे खाली बघायला लागले आणि मला वाटलं, झालं... आता वर्षभर मी भांडकुदळ बाई.

तेवढ्यात सोनवणे मॅडम उभ्या राहिल्या. त्या हरलेल्या टीमच्या कोच. माझी त्यांची ओळख त्या एका फ्रेंडलीपुरतीच.

"सर, मानांकन नाकारता येत नाही असं नियमात कुठे आहे का? नसेल तर आमचं काढा आणि सिन्नरला द्या. त्यांनी आम्हाला हरवलंय. मी तिथेच होते."

देशमुख सरांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला, मग बाकीच्यांकडे पाहिलं. तशी बंदी कुठेच नव्हती. आमचं नाव चौथ्या जागी गेलं... आणि चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा सोनवणे मॅडमच्या टीमसमोर नेमकी पहिल्या नंबरची टीम आली.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "तुमच्या मुली काय म्हणतील?" एवढंच विचारलं.

"चिडतील," त्या म्हणाल्या आणि हेल्मेट घालून निघून गेल्या.

शुक्रवारी सोनवणे मॅडमची टीम पहिल्याच फेरीत हरली. आमच्यासमोर होती लांब डोंगराळ भागातली, सुरगाण्याकडची एक टीम. मुली काटक होत्या, पळायला आमच्यापेक्षा चपळ, पण यंदा सगळ्याच नव्या, लाकडी कोर्टवर पहिल्यांदाच उतरलेल्या. पाय घसरत होते, ड्रिबल करताना बॉल हातातून सुटत होता. हाफ टाइमलाच मॅच संपल्यासारखी होती.

माझ्या मुली नाचत होत्या. मी मात्र समोरच्या बेंचकडे बघत होते... त्यांचे तरुण कोच एकेका मुलीला पाणी देत होते. मी हात मिळवायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, आमची पहिली मॅच दरवर्षी मोठ्या टीमशीच पडते. यंदा तुमच्याशी पडली."

मोठी टीम... म्हणजे आम्ही.

नंतर कळलं, ड्रॉच्या दिवशी ते मागच्या रांगेतच बसले होते. मी एवढी तावातावाने बोलत होते, पण माझ्या बोलण्यात फक्त सिन्नर होतं.

शनिवारी सेमीफायनलला आम्ही चांगलं खेळून हरलो. म्हणजे नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी मानांकन आपोआप आमचं. आनंद व्हायला हवा होता. पण रविवारभर मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. चहा गॅसवर उतू गेला, तरी लक्ष नव्हतं.

सोमवारी मी देशमुख सरांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. मानांकन पहिल्या दोनच टीमना द्यावं, बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र टाकाव्यात, आणि स्पर्धेआधी शहरातल्या टीमनी बाहेरच्यांशी निदान एक सराव सामना खेळावा. हे मान्य झालं तर सगळ्यात आधी आमचंच मानांकन जाणार. म्हणून अर्ज देण्याआधी मुलींना सांगितलं.

आमची कॅप्टन रूपाली बॉल आपटत राहिली. "मॅडम, आत्ता कुठं मिळालं होतं. लगेच सोडायचं?"

"तुला काय वाटतं?"

"लय राग येतोय," ती म्हणाली. "पण त्या सुरगाण्याच्या पोरींना आपल्याकडं बोलवा ना एकदा. आपल्या सिमेंटच्या कोर्टवर त्या घसरणार नाय. तिथं जिंकलो तर खरं."

काल मी त्यांच्या कोचना फोन केला. पुढच्या रविवारी ते मुलींना घेऊन येताहेत. सोनवणे मॅडमनाही कळवलं... तर त्यांनी विचारलं, "आमच्याही मुलींना आणू का?"

अर्ज दिलाय, त्याचं काय होईल माहीत नाही. नियमात काहीतरी चुकतंय एवढं मला कळतं, पण पूर्ण बरोबर काय ते अजून कळलेलं नाही, आणि त्याची चुळबुळ जात नाही. पण त्या दिवशी खोलीत सगळे खाली बघत असताना एक बाई स्वतःचं नुकसान करून उभी राहिली... सोनवणे मॅडम, पार्किंगमध्ये म्हणायचं राहून गेलं होतं. थँक यू.