नीट केलेली चित्रं

मैथिली शिरगावकर कोल्हापुरात चित्रकलेची बाई होती आणि मेलबर्नला येऊन कांदे चिरत होती. यात बिचारीचं काही चुकलं नव्हतं. दोन हजार आठ साल. देशातून पोरंपोरी विमानं भरभरून येत होती. पुण्यातल्या कन्सल्टंटने तिला डॉक्टरने आजार सांगावा तशा चेहऱ्याने सांगितलं होतं, "आर्टला पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, नाही, मॅडम. कुकरीला आहे." झालं! जिला पिठल्यातल्या गुठळ्या मोडता येत नव्हत्या ती शेफ व्हायला निघाली. पहिल्याच टर्मला तिने कॉलेजात सॉस करपवला, तेव्हा सर पातेल्यात डोकावून म्हणाले, "कलर मात्र सुंदर आलाय, मेट." हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना सगळ्यांत मोठ्याने हसायची.

ग्लेन वेव्हर्लीत ती चित्रा आणि संजीव पाटणकरांच्या मागच्या खोलीत राहायची. भाडेकरू म्हणून आली आणि पहिला हिवाळा संपायच्या आत घरची होऊन बसली. हॉटेलातल्या शिफ्टवरून यायला उशीर झाला की चित्रा तिचं ताट झाकून ठेवी. तिकडे आईचं ऑपरेशन झालं आणि हिला जाता येईना, तेव्हा चित्राने ऑफिसला रजा टाकली आणि फोन येईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिली, एक शब्द न बोलता. आणि चित्राने गप्प बसणं म्हणजे काय, हे तिच्या शेजारपाजाऱ्यांना विचारा! संजीव आयटीतला. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला त्याला ए ग्रेड मिळाली होती. ही बातमी त्याने मंडळात, ऑफिसात आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या गोऱ्यालासुद्धा दिलेली होती.

दर रविवारी स्काउट हॉलमध्ये मराठी मंडळाचा बालगट भरायचा. मैथिली यायच्या आधी तिथे चित्रकला म्हणजे छापील गणपती रंगवणं, आणि रंग रेघेबाहेर गेला की "अरे अरे अरे!" मैथिलीने पहिल्या दिवशी कोरे कागद वाटले आणि म्हणाली, "मुंगीसाठी खुर्ची बनवा. मग गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी. मग रागावलेल्या माणसासाठी."

ओजस नावाच्या पाच वर्षांच्या पठ्ठ्याने खुर्चीला खिळे काढले.

"हे काय रे?"

"अँग्री माणूस आहे ना, ताई. लवकर उठेल."

आईबाप मागच्या बाजूला चहा पीत शाळेच्या झोनवर, म्हणजे कुठल्या गल्लीला कुठली शाळा मिळते त्यावर, बोलत असायचे. ग्लेन वेव्हर्लीत देवाचं नाव एक वेळ चुकलं तरी चालतं, शाळेच्या झोनची हद्द चुकत नाही. पुढे बसून पोरं काय करतायत याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मैथिलीला तेच हवं होतं. त्या दोन तासांत तिच्या हाताला कांद्याचा वास येत नसे. निदान तिला तरी येत नसे.

असंच एका रविवारी लायब्ररीतली मार्गारेट हॉलमध्ये डोकावली. मुलांच्या विभागाची ती प्रमुख. तासभर ती मुलांमध्ये मांडी घालून बसली आणि जाताना मैथिलीला म्हणाली, "आमच्या भिंतीवर या मुलांचं काम लावू या. शनिवारच्या चित्रांच्या तासाला मी कोणीतरी शोधतेय. भिंत बघते, मग बोलू."

मैथिलीने ते फक्त चित्राला सांगितलं. "ताई, मला परत बाई म्हणतील गं. मिस मैथिली म्हणतील." चित्राने तिला घट्ट धरलं आणि तिथल्या तिथे शिरा करायला घेतला.

विषय ठरला, 'माझं घर'. पोरांनी काय काय काढलं! रुचाच्या घराला दारच नव्हतं, कारण तिला शाळेत जायचं नव्हतं. वेदने नुसता फ्रिज काढला. आणि विहानने, म्हणजे चित्राच्या सहा वर्षांच्या मुलाने, जो दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा, त्याने एक छोटंसं घर काढलं आणि त्याच्या खिडकीतून एक जांभळा हात बाहेर काढला. तो हात रस्त्यावरून, सिग्नलवरून, बसवरून लांब लांब जात कागदाच्या दुसऱ्या टोकाला शाळेच्या फाटकापर्यंत पोचला होता.

"कोणाचा रे हा हात?"

"आईचा."

"एवढा लांब?"

"शी हॅज टू रीच."

चित्रा सकाळी सातला निघायची आणि अंधार पडल्यावर यायची. मैथिली ब्रश धुवायच्या निमित्ताने सिंककडे गेली आणि धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत उभी राहिली.

आता मंडळाची एक रीत होती. कुठलाही कार्यक्रम असो, काम घरोघर वाटायचं. मोदक असोत नाहीतर पडदे. तसं सेक्रेटरी दत्तप्रसादकाकांनी फर्मान काढलं की ज्याने त्याने आपल्या मुलाचं चित्र घरी न्यावं, काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवावं आणि शनिवारी थेट लायब्ररीत आणावं. त्या आठवड्यात मैथिलीला सगळ्या शिफ्ट लागल्या होत्या. तिला वाटलं, बरंच झालं, तेवढं काम कमी.

शनिवारी ती किचनमधून तशीच धावत लायब्ररीत आली. चित्रा दारातच उभी होती, ठेवणीतला कुर्ता घालून, चेहरा नुसता उजळलेला.

"ये ये! डोळे मीट. हां, आता उघड!"

भिंतीवर ओळीने चित्रं होती. सरळ रेषेतली घरं, लाल कौलं. मागे दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य. पुढे नदी, नदीकाठी नारळाचं झाड, वर चार पक्षी. ग्लेन वेव्हर्लीत नारळ! आपण सगळे शाळेत जे एकच चित्र वर्षानुवर्षं काढत आलो, ते प्रत्येक घराने आपापल्या डायनिंग टेबलावर नव्याने काढून आणलं होतं. रुचाच्या घराला दार आलं होतं, दाराला तोरणही. वेदच्या फ्रिजभोवती बंगला उठला होता.

"फोन केले मी सगळ्यांना," चित्रा तिच्या कानाशी म्हणाली. "म्हटलं आपल्या मैथिलीचा प्रश्न आहे, वेडंवाकडं काही भिंतीवर लागता कामा नये. प्रत्येकाने नीट करून आणा. संजीव दोन संध्याकाळी बसला होता गं."

"सावल्या बघितल्यास का?" संजीवने मागून विचारलं. "लाइट डावीकडून घेतलाय."

मैथिलीने विहानचं चित्र शोधलं. रस्त्याच्या जागी हिरवळ होती. खिडकीत एक बाई होती, तिचा हात कोपरात वाकलेला, अगदी मापात. त्या लांब हाताचा जांभळा रंग हिरव्याखालून अजून थोडासा दिसत होता. चित्राने तीन थर दिले होते म्हणे.

विहान भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, मग परत आला.

"मैथिलीताई, व्हेअर इज माइन?"

ती काही बोलायच्या आत मार्गारेट आली. ती एकेका चित्रापुढे थांबली, आणि दर चित्रापुढे तिचं हसू थोडं थोडं कमी होत गेलं. शेवटी तिने हलक्या आवाजात विचारलं, "ही मुलांनी स्वतःची स्वतः केली?"

मैथिलीने पाहिलं. चित्रा लांबून डोळ्यांत जीव आणून बघत होती. खरं सांगितलं असतं तर तास मिळाला असता. आणि चित्राला इथे, सगळ्या मंडळासमोर कळलं असतं की आपण काय पुसून टाकलं.

"नो," मैथिली म्हणाली. "आय फिक्स्ड देम."

मार्गारेटने तिच्या दंडावर हात ठेवला. "थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट," ती म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं, हेच वाईट झालं.

विहान बिस्किट हातात धरून तिथेच उभा होता. त्याने मैथिलीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या चित्राखालचं आपलं नाव वाचलं. मग पुन्हा मैथिलीकडे बघितलं. आणि आईकडे जाऊन तिच्या कुर्त्यात तोंड लपवलं.

लायब्ररीची सभ्य ईमेल आली. तास दुसऱ्या कोणाला मिळाला होता. चित्रा दिवसभर भांडी आपटत होती.

"गोऱ्यांना काय कळतंय आपल्या मुलांचं! पुढच्या वेळी आणखी छान करू आपण, बघशील तू."

"जाऊ दे ना, ताई," मैथिली म्हणाली आणि तिच्या हातातली भांडी घेऊन पुसायला लागली.

रविवारी बालगट भरला. पोरं कागदांवर पालथी पडली होती. विहानने आपला कोरा कागद मैथिलीसमोर सरकवला.

"यू डू इट," तो म्हणाला. "यू विल फिक्स इट एनीवे."

मैथिली त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मी नाही रे केलं ते, एवढंच म्हणायचं होतं. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर मागे चहा पीत बसलं होतं. आई संध्याकाळपर्यंत हाताला लागत नाही, एवढं त्याला आधीच ठाऊक होतं. त्यावर आणखी हे कशाला द्यायचं?

"सॉरी, विहान," ती म्हणाली.

त्याने मोठ्या माणसासारखी मान हलवली.

"नो वरीज," तो म्हणाला, आणि उठून गेला.

मागे चित्राने सवयीने पर्समधून ओले टिश्यू काढले, त्याचा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि खूश होऊन हॉलच्या त्या टोकावरून ओरडली, "मैथिली, अगं बघ तरी! आज एक डाग नाही हाताला. शिकला बाई शेवटी नीट रंगवायला!"

सगळे कौतुकाने हसले. मैथिलीही हसली.