पंधरावा दिवस

अमरावतीत ज्याला म्हणून तोंड आहे, अशा प्रत्येक माणसाला आमच्या मामांनी एकदा तरी जंतुनाशक गोळी चघळायला लावली असेल. मामा बस स्टँडवर गाड्या पुकारायचे. परतवाडा, चिखलदरा, मूर्तिजापूरमार्गे अकोला, असं दिवसभर ओरडून घसा बसायचा, म्हणून खिशात गोळ्यांचं पाकीट. पुढे ते साऱ्या गावासाठीच झालं. कुणी खाकरलं, कुणाची हिरडी सुजली, की गोळी हजर आणि वर हुकूम, "चघळ, चावू नोको. जितका वेळ तोंडात राहीन, तितके जंतू मरतीन. अन् अर्धा घंटा चहा मांगू नोको." माझ्या लग्नात अंतरपाटाआड मी गोळी कडकन चावली, तर या गृहस्थांनी मंगलाष्टकं थांबवून मला झापलं होतं.

बरं, किरकोळ दुखणं त्या गोळीनं खरंच बसायचं. पण पंधरा दिवसांत न बसलेलं दुखणं गोळीचं नाही, डॉक्टरचं, हाही मामांचाच कायदा. माझ्या जिभेवरचा फोड सोळाव्या दिवशीही तसाच दिसला, तेव्हा हाताला धरून त्यांनीच मला दवाखान्यात नेलं. दाताची धार लागत होती, डॉक्टरनं घासून दिली, संपलं.

मग मामांच्याच गालात जखम झाली, नेमकी तंबाखू-सुपारीचा खर्रा धरायच्या जागी. गोळी चघळली की तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, दोन दिवस बरं वाटायचं, आणि मामा दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायचे. "काहून घोर करतं? आज तिसराच दिवस हाये." चार महिने त्यांचा पंधरावा दिवस काही उजाडला नाही. मला ते दिसत होतं आणि मी हसण्यावारी नेलं. त्याचं फार वाईट वाटतं.

अकोल्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गालाबरोबर जिभेचा मोठा भाग गेला, बोलणं गेलं. आता ते तिथेच मुलीकडे असतात. परवा भेटायला गेलो आणि मला ठसका लागला. मामांचा हात सवयीनं खिशात गेला, गोळी पुढे आली. मी ती मुद्दाम कडकन चावली. त्यांनी डोळे वटारले, ओठ हलले, आणि मी मूर्खासारखी वाट पाहत राहिलो. मग त्यांनी दुसरी गोळी माझ्या तोंडात घातली, आणि ती पुरती विरघळेपर्यंत माझी हनुवटी हातानं वर दाबून धरली.