साहेबाला मराठी येत नाही

रामाकोन्याहून सौसरला येताना एका संत्र्याच्या बगीच्याला लागून गोऱ्या साहेबाची कबर आहे. साहेब कोण, कधीचा, कशाने गेला, कोणालाच ठाऊक नाही. दगडावरची अक्षरं कधीच झिजली. कोणी म्हणतं रेल्वे लाईन टाकायला आला होता, कोणी म्हणतं जंगलखात्याचा होता. पण साहेब पावतो, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. दगडावर सिक्का ठेवायचा, हात जोडायचे आणि मागायचं. अट एकच, मागणं इंग्रजीत पाहिजे. साहेबाला मराठी येत नाही. हिंदीही बेताचीच असावी, असं जुनी माणसं सांगतात.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. गल्लीतल्या बाया मला स्कूटीसकट तिकडे न्यायच्या. एकीची म्हैस पान्हा चोरायची. याला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, द बफेलो इज नॉट को-ऑपरेटिंग."

"एवढंसंच?" बाई म्हणाली. "मी त तुले किती सांगतलं."

मग मी शाळेत पाठ केलेला रजेचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. आठवडाभरात म्हैस सुधारली आणि माझा भाव वाढला.

मला या प्रकाराची भारी चीड यायची. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर चहा विकायला आलेला परका माणूस सहा महिन्यांत "काय करून राहिले भाऊ" म्हणायला लागतो. आणि हा इतकी वर्षं आमच्या मातीत झोपलाय, याला अजून चार शब्द येऊ नयेत? पण बायांपुढे माझं काही चालत नसे.

मागच्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "चाल, आज माह्यं सांगणं हाय."

मी पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आले होते आणि निकाल यायचा होता. आईला पुणं मुळीच मान्य नव्हतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिने पांढुर्ण्याचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घरी कपाशी, आणि सौसरहून तासाभराची वाट. यातला तिसरा गुण तिच्या लेखी सगळ्यात मोठा.

कबरीपाशी तिने पदराने दगड पुसला. "सांग साहेबाले," ती म्हणाली, "पोरीचं पांढुर्ण्याचं जमू दे. नोकरी इकडंच लागू दे. माह्या नजरेसमोर राहू दे."

मी डोळे मिटले. लाज वाटत होती, पण ती नोकरी मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"सर," मी म्हटलं, "प्लीज गिव्ह मी द जॉब इन पुणे. माय मदर विल बी ऑलराइट. आय विल कॉल हर एव्हरी डे." शेवटचं वाक्य साहेबाला कशाला सांगितलं, देव जाणे.

"झालं?"

"झालं."

"लहानच झालं."

"इंग्रजीत कमी लागतं," मी म्हटलं.

आईने सिक्का बराच वेळ मुठीत धरून ठेवला. मग दगडावर ठेवला, हात जोडले, आणि आम्ही निघालो. संत्र्याचा बगीचा मागे पडला.

"पुण्याले इंग्रजीत काय म्हणतात वं?" तिने मागून विचारलं.

माझ्या हातात गाडी डगमगली.

"पुणेच म्हणत असन," ती म्हणाली. "जॉब बी समजते मले. पांढुर्ण्याचं त नाव बी नाही घेतलं तू."

"मग सिक्का काहून ठेवला?" चोरी पकडली गेल्यावर माणूस चिडतो, तशी मी चिडले.

"तू जे मांगलं त्याच्यावरच ठेवला. मी वेगळं काही नाही मांगलं."

मला रडू आलं. गाडी चालवताना डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ते तसंच वाहू दिलं. आईला मागून ते दिसत नव्हतं, पण कळलं असावं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अन् ते कॉल करीन म्हणे न तू," ती म्हणाली, "ते साहेबाले काहून सांगतं? मले सांग."