विनंती थांबा

सासूला आम्ही आत्या म्हणतो. नारायणगावच्या बाहेर, जुन्नरच्या रस्त्याला लागून आमचं घर. आत्या रोज सकाळी मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन जुन्नरच्या बाजारात विकायला जायच्या. एसटीचा थांबा नेमका पुढच्या वळणावर. तिथं रस्ता ओलांडताना टोमॅटोची पिकअप, उसाचा ट्रॅक्टर, भरलेली जीप, कोण कधी अंगावर येईल नेम नाही. मागच्या साली आलीच एक पिकअप. पाटी चाकाखाली गेली आणि आत्यांचा उजवा हात मोडला.

प्लास्टर निघालं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर म्हणाल्या, "मेथी काय माळ्यावर ठिवून इकायची हाय व्हय?" हाताची त्यांना फिकीर नव्हती. धास्ती होती ती बाजार सुटण्याची. कारण माझ्या नवऱ्यानं बजावलं होतं, "थांबा घरासमोर आला आणि एसटी थांबायला लागली तरच बाजार. न्हाईतर घरी बसायचं." आता आत्या घरी बसल्या की माझी आमटी खारट आणि भाकरी कच्ची. मला ते झेपणारं नव्हतं, राव!

म्हणून अर्ज मीच लिहिला. वस्तीत बारावी झालेली सून मी एकटीच, जरा मिरवायचेही. ग्रामपंचायत, डेपो, रस्त्याचं ऑफिस, सगळीकडे बायका घेऊन गेले. "साहेब जेवायला गेलेत" हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी आम्हीही डबे घेऊनच बसलो. अखेर घरासमोर दोन गतिरोधक झाले, पांढरे पट्टे आले आणि पलीकडच्या कडेला नवाकोरा बोर्ड लागला: 'विनंती थांबा'.

मी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "बघा, सरकारच ड्रायव्हरला विनंती करतंय, थांबा म्हणून. इतकी वर्षं हात हलवून खांदे दुखले, ती लाचारी संपली!" बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पाचसहा जणी बोर्डाखाली ऐटीत उभ्या राहिलो, हाताची घडी घालून. एसटी आली, गतिरोधकावर हळू झाली, डुलली आणि गेली. आठवडाभर हेच. नवरा म्हणाला, "झाली हौस? आता बास." आत्यांनी पाटी धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.

दुसऱ्या सकाळी आत्या थांब्यावर आल्याच नाहीत. मग माझं डोकं फिरलं. एसटी हळू झाली तशी मी पत्र्यावर दणादण थापा मारल्या. गाडी थांबली. "डोळे फुटले का तुमचे? एवढं मोठं 'थांबा' लिहिलंय, दिसत नाही?"

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "ताई, ह्यो विनंती थांबा हाय. विनंती तुमी करायची. हात केला तरच गाडी थांबती. तुमी समद्या घडी घालून उभ्या, मला वाटलं रोज गप्पा मारायला येता."

अख्खी गाडी खो खो हसली. गेली माझी बारावी रस्त्यावर! तशीच पळत घरी आले आणि आत्यांना सांगितलं. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नवरा मात्र म्हणाला, "उद्या मी सोता येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या शेजारी उभा. गाडी दिसली. मी हात उचलणार तोच आत्या म्हणाल्या, "थांब. माझा बाजार, इनंती मीच करणार." डाव्या हातानं पाटी कमरेवर धरलेली. उजवा हात खांद्यापाशी अडला आणि मग सरळ डोक्याच्या वर गेला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

एसटी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली. नवऱ्यानं मुकाट्यानं पाटी उचलून आत दिली. गाडी हलली तेव्हा आत्या खिडकीतून ओरडल्या, "आमटीत मीठ बेतानं टाक गं!" आणि तोच उजवा हात बाहेर काढून हलवत राहिल्या. मी "हात आत घ्या, आत्या!" म्हणून ओरडत होते आणि रडत होते.